ग्रॅज्युएट सर्टिफिकेट : मास्टर्सच्या प्रवेशाला किती उपयोगी?

पहिला घोटाळा नावापासूनच होतो. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर, त्यामुळे ‘ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ म्हटलं की पदवीचं प्रमाणपत्रच डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत मात्र हा पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम असतो : साधारण चार-पाच विषय, १२ ते १८ क्रेडिट. मास्टर्सला बहुधा ३० ते ३६ क्रेडिट लागतात. ब्रिटनमध्ये अर्थ पुन्हा बदलतो. तिथलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या पातळीचं असतं. मास्टर्सच्या पातळीचं असतं ते पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट.

सर्टिफिकेट मिळालं की मास्टर्सचा प्रवेश पक्का, हा सगळ्यांत महागात पडणारा समज. स्टॅनफर्डमध्ये पदवीसाठी प्रवेश न घेताही मास्टर्सचे विषय शिकता येतात आणि पुढे प्रवेश मिळालाच, तर त्यांतली १८ युनिटपर्यंत ४५ युनिटच्या मास्टर्समध्ये धरली जाऊ शकतात. पण अर्ज वेगळाच करावा लागतो, आणि त्याची छाननी इतरांसारखीच होते.

म्हणून सर्टिफिकेट निरुपयोगी ठरतं का? मुळीच नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेच्या डेटा सायन्समधल्या ऑनलाइन मास्टर्सला जुन्या गुणपत्रिकाच मागत नाहीत. तिथले ठरावीक विषय किमान ३.० जीपीएने पूर्ण केले की प्रवेश मिळतो. एमआयटीचं पुरवठा साखळी व्यवस्थापनातलं ‘मायक्रोमास्टर्स’ पूर्ण करणाऱ्यांना तिथल्या मास्टर्सच्या अशा मार्गाने अर्ज करता येतो, ज्यात प्रत्यक्ष कॅम्पसवरचा काळ निम्म्यावर येतो. निवड मात्र इथेही होतेच. अशी थेट वाट सगळीकडे नसते, त्यामुळे फी भरण्याआधी ती आहे का, हे त्या विभागाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घेणं उत्तम.

खरा फायदा होतो तो विषय बदलणाऱ्यांना आणि जुने गुण कमी असलेल्यांना. बी.कॉम. होऊन दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला संख्याशास्त्र झेपेल का, ही निवड समितीची शंका ताज्या ‘ए’ श्रेणीने बरीचशी फिटते. शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र मिळालं तर आणखी चांगलं. उलटही तितकंच खरं आहे. बहुतेक विद्यापीठं आधीच्या सगळ्या संस्थांच्या गुणपत्रिका मागतात, त्यामुळे सर्टिफिकेटमधली ‘सी’ श्रेणी लपवता येत नाही.

तीन वर्षांच्या भारतीय पदवीचं चौथं वर्ष अशा सर्टिफिकेटने भरून निघतं, असंही सांगितलं जातं. अमेरिकेतली काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी तशीच स्वीकारतात, काही चार वर्षांवर अडून बसतात. पूर्णवेळ विद्यार्थी पदवीच्या एका वर्षात साधारण ३० क्रेडिट पुरी करतो. १२ क्रेडिटचं सर्टिफिकेट त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. आणि ज्या ऑनलाइन कोर्सला विद्यापीठाचं क्रेडिटच नाही, त्याने तर हा हिशेब एका क्रेडिटनेही पुढे सरकत नाही.