लांब पल्ल्याची सराव धाव (मॅरेथॉन)

मॅरेथॉनच्या पूर्वतयारीत आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी पहाटे, सावकाश गतीने केल्या जाणाऱ्या दीर्घ अंतराच्या सरावास लांब पल्ल्याची सराव धाव असे म्हणतात. धावपटूंमध्ये तिला 'लाँग रन' हे नाव रूढ आहे. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असले, तरी सरावात ते सहसा पूर्ण धावले जात नाही. नवोदितांची सर्वांत मोठी धाव साधारणतः ३० ते ३२ किलोमीटरची असते. ही धाव मित्रमंडळींसह करण्याची प्रथा सर्वत्र आढळते.

इतिहास

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१९ साली भरविलेल्या क्रीडास्पर्धांनंतर भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार पुढे आला. त्यातून निवडले गेलेले बेळगाव भागातील फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले.

सामूहिक लांब धावेला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड अग्रगण्य होत. ऑकलंडमधील त्यांचे शिष्य डोंगराळ रस्त्यांवर सुमारे ३५ किलोमीटरची धाव एकत्र करीत. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांपैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटर व मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक, तर बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळविले. ८०० मीटरच्या धावपटूलाही लांब धावेचा लाभ होतो, हे यातून सिद्ध झाले.

शरीरावरील परिणाम

स्नायू व यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली शर्करा मर्यादित असते. वेगाने धावल्यास ती बहुधा ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय एकाएकी जड होतात. नियमित लांब धावेमुळे शरीर मेदाचा इंधन म्हणून अधिक वापर करू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि अस्थी व स्नायुबंध हळूहळू बळकट होतात. म्हणूनच अंतर टप्प्याटप्प्याने वाढवितात, दर तीन-चार आठवड्यांनी ते कमी करून विसावा देतात आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे सराव हलका ठेवतात.

सोबतीचे महत्त्व

योग्य गतीची सोपी कसोटी म्हणजे धावताना पूर्ण वाक्य बोलता येणे. सोबती असल्यास ही कसोटी आपोआप लागते. गप्पा थांबल्या, तर गती वाढली असे समजावे. याउलट, चढाओढ सुरू झाल्यास सरावाची शर्यत होते व दुखापतीचा धोका वाढतो. म्हणून गटाने सर्वांत संथ सोबत्याची गती धरावी किंवा गतीनुसार लहान गट करावेत.

उष्माघातात धावपटूचा तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. परंतु स्वतःची अवस्था त्याला बहुधा उमगत नाही. ती प्रथम सोबत्याच्याच ध्यानात येते. अशा वेळी धाव तत्काळ थांबवून त्यास सावलीत नेणे, अंगावर थंड पाणी ओतणे व वैद्यकीय मदत बोलाविणे आवश्यक असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून उन्हाळा कडक असतो. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची (प्रारंभ २००४) तयारी करणाऱ्यांच्या लांब धावा मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत येतात. ऑक्टोबरचे ऊन टाळण्यासाठी त्या सूर्योदयापूर्वी सुरू करणे हितावह असते. नगर शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर शहा डोंगरावर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. ती चांदबिबी महाल या नावाने परिचित आहे. तेथवर जाऊन परतल्यास सुमारे २६ किलोमीटर होतात व शेवटच्या चढणीचा सरावही घडतो. मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते. नगरच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्यांनी तेथे आरंभीची गती जपून ठेवावी.

दक्षता

अंधारात वाहनांच्या समोरून, एका रांगेत व चमकदार पट्ट्यांचे कपडे घालून धावावे. तहानेनुसार पाणी प्यावे. केवळ साधे पाणी अतिरेकाने प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतू शकते. छातीत दुखणे, भोवळ वा सांध्यांतील तीव्र वेदना जाणवल्यास तेथेच थांबावे. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना हा सराव आरंभू नये.