चूक उपचारात, जखम दोन घरांत

पालघर जिल्ह्यातील मुरबे गावातला रुग्ण अत्यवस्थ झाला की पालघर किंवा बोईसर, तिथून थेट मुंबई. या धावपळीत उपचार कुठे चुकला हे घरच्यांना कळत नाही. ‘आपणच उशीर केला’ ही बोचणी मात्र वर्षानुवर्षे राहते.

1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यात पुरेशी भूल न देता, जोर लावून ते बसवले गेले, तो दगावला. भरपाई 3,000 रुपये, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1968 मध्ये. बापाने पंधरा वर्षे काढली!

चुकलेला डॉक्टरही खचतो: झोप उडते, हात कचरतो. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 साली त्याला ‘दुसरा बळी’ म्हटले. तरी पहिला हक्क रुग्णाच्या घरच्यांचा: काय घडले ते डॉक्टरांनी समोर बसून सांगावे.

मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यावर उपचारांची कागदपत्रे 72 तासांत मिळायला हवीत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे.