लोखंड, पोलाद आणि बीड : भेद कार्बनचा

लोखंड, पोलाद व बीड हे शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्यांतील भेद नेमका कशात आहे, याचा विचार क्वचितच करतो. हे तीन निराळे धातू नव्हेत. मूळ धातू लोह हाच; मुख्य भेद आहे तो त्यात मिसळलेल्या कार्बनच्या प्रमाणाचा.

कार्बन सुमारे ०.१ टक्क्याहून कमी, ते घडीव लोखंड. ते ऐरणीवर हवे तसे वाकते, पण त्याची धार टिकत नाही. त्यापुढे सुमारे २ टक्क्यांपर्यंत पोलाद. त्याचे तीन वर्ग करतात. ०.३ टक्क्यांपर्यंत मृदू पोलाद : पत्रे, तारा, खिळे. ०.३ ते ०.६ मध्यम : आस, दातेरी चाके. त्याहून अधिक ते उच्च कार्बनचे : कानस, करवत, स्प्रिंग. लोहार लालभडक धारेला ‘पाणी देतो’ तेव्हा ती कठीण होते, ती या कार्बनमुळेच. मृदू पोलादावर त्या पाण्याचा फारसा परिणाम होत नाही.

२ ते ४ टक्के कार्बन असलेले ते बीड. शुद्ध लोह वितळण्यास १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते, बिडाला सुमारे १२०० पुरते. म्हणून ते साच्यात सहज ओतता येते. मात्र ते ठिसूळ असते. बिडाचा तवा हातून निसटला तर तो वाकत नाही, फुटतो.

अग्नीने अधिक शुद्ध झालेले लोखंड म्हणजे पोलाद, असा युरोपात दीर्घकाळ समज होता. १७८६ साली व्हाँदरमाँद, बेर्तोले व माँज या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कोळशातून लोहात शिरणारा कार्बन हेच भेदाचे कारण असल्याचे दाखविले.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. आणि भार पडताच तुळईची खालची बाजू ताणली जाते. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे डी नदीवरील रेल्वेपुलाची बिडाची तुळई गाडीखाली तुटली व पाच जणांचे प्राण गेले.

आज आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये जी सळई पडते, तिच्यात भारतीय मानकानुसार कार्बन ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाही. कारण अशी सळई तुटण्यापूर्वी ताणली जाते, वाकते. घराला तडे दिसतात आणि माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. आयुष्याची पुंजी घरात घालणाऱ्या आपल्या समाजबांधवांनी म्हणूनच सळई घेताना केवळ भाव न पाहता तिच्यावरील आयएसआय चिन्हही पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.