‘हॅव’ म्हणजे ‘हाबेओ’च का?

इंग्रजी ‘हॅव’ला लॅटिनमध्ये काय म्हणतात, असं विचारलं की उत्तर तयार असतं: ‘हाबेओ’. तिथूनच घोटाळा सुरू होतो.

दोन्ही शब्द एकाच मुळाचे, हा पहिला गैरसमज. अर्थ तोच, उच्चार जवळचा, मग शंका कोण घेणार? पण मूळ इंडो-युरोपीय भाषेतला ‘क’ लॅटिनने राखला आणि इंग्रजीच्या शाखेत त्याचा ‘ह’ झाला. लॅटिन ‘केंतुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’. त्यामुळे ‘हॅव’चं नातं लागतं ते ‘कापेरे’शी, म्हणजे पकडण्याशी. ‘हाबेओ’चा इंग्रजी भाऊबंद ‘गिव्ह’ मानला जातो!

शिवाय ‘हाबेओ’ हे ‘मी’चं रूप आहे. लॅटिन कोशात क्रियापद त्याच रूपात देण्याची पद्धत आहे, एवढंच. ‘टू हॅव’साठी रूप ‘हाबेरे’.

खरी गंमत पुढे आहे. जिथे ‘हॅव’ तिथे ‘हाबेओ’, असं समजून वाक्यं पाडणारे पुष्कळ. रोमन माणूस मात्र सहज म्हणे, ‘मिही दुओ फ्रात्रेस सुंत’. मला दोन भाऊ आहेत. शब्दाला शब्द, क्रमासकट मराठी! ‘हाबेओ’ वापरलं तर ते चूक नाही, लॅटिन लेखकांनी ते भरपूर वापरलं आहे. पण मराठी विद्यार्थ्याने इंग्रजीचा वळसा घेऊन इथे यावं, हे मला तरी उफराटं वाटतं.

‘आय हॅव टू गो’ घ्या. इथे ‘हाबेओ’ नकोच. ‘मिही एउंदुम एस्त’, मला जायचं आहे. सभेचा ‘अजेंडा’ही याच घडणीचा: करायच्या गोष्टी. आणि ‘आय हॅव सीन’? त्याला ‘विदी’ हा एकच शब्द पुरतो. सीझरच्या नावावरच्या त्या प्रसिद्ध तीन शब्दांतला मधला.

लॅटिन मेली, तिच्याबरोबर हे क्रियापदही गेलं, असंही नाही. इटालियन ‘अवेरे’ आणि फ्रेंच ‘अव्वार’ त्याचेच वंशज. आपल्या न्यायालयांतही ते रोज ऐकू येतं. ‘हेबियस कॉर्पस’मधलं ‘हेबियस’ म्हणजे ‘हाबेरे’चंच आज्ञावजा रूप, ‘तू हजर ठेवावंस’. राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 खाली सर्वोच्च न्यायालय आणि 226 खाली उच्च न्यायालयं हा आदेश काढू शकतात.