जिव्हाळ्याच्या कादंबऱ्या आणि लपविलेला भूतकाळ

प्रेम, कुटुंब, घराण्याचे गुपित आणि भूतकाळ या विषयांवरची कादंबरी म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसाने दुपारी आडवे होऊन वाचायचे वाङ्मय, अशी चळवळीतल्या पुष्कळ कार्यकर्त्यांची धारणा असते. ही धारणा अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पांढरपेशा कौटुंबिक कादंबरीचा साचा आपल्या परिचयाचा आहे. जुना वाडा, माळ्यावरची पेटी, आजोबांचे एखादे प्रकरण, मृत्युपत्र, आणि शेवटी सर्वांच्या डोळ्यांत पाणी. गुपित उघडे झाले तरी वाडा जागच्या जागी राहतो आणि वाड्याची मालकीही. ज्यांना वाडा नव्हता, पेटी नव्हती आणि मृत्युपत्रात लिहिण्याजोगे काही नव्हते, त्यांनी हे वाङ्मय का वाचावे?

हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून कुटुंब आणि प्रेम हे विषयच परके ठरविणे मला मान्य नाही. ज्या समाजाला कुटुंब करण्याचा हक्कच नाकारला गेला, त्या समाजाने लिहिलेली कौटुंबिक कादंबरी मुळातच वेगळी असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या काही कादंबऱ्या मी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना आवर्जून वाचायला सांगतो. त्या का सांगतो, ते येथे मांडावयाचे आहे.

आधी पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १६६२ साली व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईवरून ठरेल. हा एकच नियम काय करतो ते पाहा. मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी केली आणि तिला मूल झाले, तर ते मूल मालकाचा वारस होत नाही, त्याची मालमत्ता होते. बाप उघड दिसत असतो, पण त्याचे नाव कोणी उच्चारायचे नाही. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या मळ्यावर आणि मूल तिसऱ्याच राज्यात विकलेले, ही नित्याची गोष्ट होती. तात्पर्य, येथे घराण्याचे गुपित हे कोणा एका व्यक्तीच्या पापातून जन्मलेले नाही. ते कायद्याने घडविलेले आहे.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा सुटलेल्या माणसांनी पहिल्या प्रथम जी कामे केली त्यांपैकी एक म्हणजे हरवलेल्या आप्तांचा शोध. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने १८७७ पासून ‘हरवलेले सोबती’ अशा अर्थाचे सदरच चालविले. माझी आई अमुक मालकाकडे होती, मला अमुक साली विकले, कोणाला माहीत असेल तर कळवावे, अशी ती पत्रे. चर्चमधून ती मोठ्याने वाचून दाखविली जात. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची स्वतंत्र यादी होती, परंतु तीत मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व रंग एवढेच. सर्व काळ्या माणसांची नावे शिरगणतीत प्रथम आली ती १८७० साली. तेव्हा वंशावळ शोधायला निघालेला कृष्णवर्णीय माणूस १८७० च्या मागे गेला, की भिंतीवर आदळतो. ही भिंत फोडण्याचे काम कागदपत्रांना जमले नाही, ते कादंबरीने अंगावर घेतले.

या लोकांशी आपले नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. मात्र आपण त्यांच्याकडून घेतला तो मुख्यतः त्यांचा संताप. त्यांच्या घरात काय घडत होते, हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांकडे आपले लक्ष त्या मानाने कमी गेले.

पहिली शिफारस ॲलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’ची. ही कादंबरी १९८२ ची. १९८३ साली तिला कादंबरीसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि ते मिळविणाऱ्या वॉकर या पहिल्याच कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. सीली ही जॉर्जियातील मुलगी. जो बाप म्हणून घरात वावरतो त्याच्याच अत्याचाराला ती बळी पडते, तिची दोन मुले तिच्यापासून काढून घेतली जातात आणि एका विधुराच्या गळ्यात तिला बांधले जाते. सांगायला माणूस नाही म्हणून ती देवाला पत्रे लिहिते. तिची बहीण नेटी आफ्रिकेतून तिला पत्रे लिहीत असते, पण सीलीचा नवरा ती सारी वर्षानुवर्षे दडवून ठेवतो. ती पत्रे सापडतात तेव्हा गुपितांची माळच उलगडते. आपला बाप हा बाप नव्हताच. खऱ्या बापाचे दुकान चांगले चालले म्हणून गोऱ्यांनी त्याला ठार मारले. आणि आपली मुले जिवंत आहेत, नेटीच्याच सहवासात वाढत आहेत.

या कादंबरीतील दोन गोष्टींकडे आपल्या वाचकाने मुद्दाम पाहावे. एक तिची भाषा. सीली बोलते तशी लिहिते. तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकविण्याचा प्रयत्न होतो आणि ती तो बाजूला सारते. प्रमाणभाषेच्या नावाखाली ज्यांच्या तोंडाला कुलूप लावले गेले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. येथे पत्रे दडविणारा गोरा मालक नाही, घरचाच पुरुष आहे. १९८५ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा काळ्या पुरुषांची बदनामी केली असा आरोप झाला. आपल्याकडेही आत्मकथने आली, तेव्हा हा उकिरडा चारचौघांत कशाला उपसता, असे आपल्यातल्याच शिकलेल्यांनी विचारले होते. ‘जिणं आमचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सीलीच्या पत्रांची गोष्ट परक्या देशाची वाटणार नाही. बाहेरच्या जुलमाविरुद्ध बोलताना घरातल्या जुलमाबद्दल मौन पाळावे काय? वॉकर यांचे उत्तर स्वच्छ आहे. पाळू नये. आणि तरीही शेवटी त्या नवऱ्यालाही माणूस होण्याची एक संधी त्यांनी दिली आहे. तो सीलीच्या शेजारी बसून शिवण शिवतो.

दुसरी कादंबरी टोनी मॉरिसन यांची ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७). मॉरिसन यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेतल्या घराण्याचे आडनाव ‘डेड’, म्हणजे ‘मृत’ असे आहे. स्वातंत्र्यानंतर नावनोंदणीच्या वेळी दारूच्या नशेतल्या कारकुनाने जन्मगावाचे नाव आणि बाप मेल्याची नोंद भलत्याच रकान्यांत भरली, आणि ते कायमचे नाव होऊन बसले. ज्यांची नावे गावाने ठेवली आणि आडनावे शाळेच्या दाखल्यावर मास्तरांच्या मर्जीने उतरली, त्यांनी या प्रसंगावर हसावे की रडावे? आजोबांना वाचता येत नव्हते. कसल्याशा कागदावर त्यांची सही घेऊन शेत बळकावले गेले आणि त्यांना गोळी घालण्यात आली. नातू मिल्कमन सोन्याच्या लोभाने मिशिगनमधून दक्षिणेकडे निघतो. सोने मिळत नाही. व्हर्जिनियातील एका खेड्यात पोरे खेळताना एक गाणे म्हणतात आणि त्या गाण्यात त्याला आपल्या पूर्वजांची नावे ऐकू येतात. पोथी नाही, ताम्रपट नाही, पण इतिहास पोरांच्या खेळात शिल्लक आहे. आपल्या आयाबायांच्या जात्यावरच्या ओव्या कोणी याच कानाने ऐकल्या आहेत काय?

तिसरी जेम्स बाल्डविन यांची ‘इफ बील स्ट्रीट कुड टॉक’ (१९७४). ही निखळ प्रेमकथा आहे. टिश एकोणीस वर्षांची, फॉनी बावीस वर्षांचा. त्याला बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात टाकले जाते आणि टिशला दिवस गेलेले असतात. लग्नाआधी पोर राहिले, ही बातमी पांढरपेशा कादंबरीत गुपित झाली असती. येथे टिशची आई, बाप आणि बहीण ती ऐकतात आणि त्या बाळाच्या नावाने पेला उंचावतात. कुटुंब म्हणजे अब्रूची राखण करणारा पहारेकरी नव्हे, संकटात पाठीशी उभा राहणारा गोतावळा होय, हे बाल्डविन एका प्रसंगात सांगून जातात. शेवट गोड नाही. पण ज्याच्या घरचे माणूस खोट्या गुन्ह्यात आत आहे, त्याला हे पुस्तक वाचताना आपण एकटे नाही असे वाटेल.

चौथी शिफारस दोन कादंबऱ्यांची आहे, कारण त्या जोडीने वाचाव्यात. नेला लार्सन यांची ‘पासिंग’ १९२९ ची आणि ब्रिट बेनेट यांची ‘द व्हॅनिशिंग हाफ’ २०२० ची. दोहोंचा विषय एकच. उजळ कातडीच्या काळ्या माणसाने आपला वंश चोरून गोऱ्यांत मिसळून जगणे. बेनेट यांच्या कादंबरीत जुळ्या बहिणी १९५४ साली गाव सोडून पळतात. एक पुढे काळ्या मुलीला घेऊन गावी परतते. दुसरी गोरी बाई म्हणून संसार थाटते आणि नवऱ्याला, पोटच्या मुलीलाही आपण कोण हे सांगत नाही. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालीच आपल्याकडे आला. खोली मिळावी म्हणून आडनाव बदलणारे, मुलांना बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावायला सांगणारे आपल्या वसाहतींत आजही आहेत. त्यांच्यावर नुसते तोंडसुख घेणे सोपे आहे. या कादंबऱ्या निवाडा घाईने देत नाहीत. गुपित सांभाळण्याची किंमत काय पडते, याचा हिशेब त्या मांडतात. आई गमवावी लागते, बहीण गमवावी लागते, आणि मुलीला आपण कोणाची हेच कळत नाही.

पाचवी ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ (१९७९). १९७६ साली कॅलिफोर्नियात राहणारी डॅना ही लेखिका कुठल्याशा अगम्य शक्तीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मेरीलँडमधील मळ्यावर खेचली जाते. तेथील मालकाचा गोरा मुलगा हा तिचा पूर्वज आहे. तो जगला नाही तर तिचा वंश संपतो. म्हणजे ज्याने आपल्या पणजीच्या पणजीवर जुलूम केला, त्यालाच वाचविल्याशिवाय आपला जन्म नाही. भूतकाळ रम्य असतो असे म्हणणाऱ्यांना ही कादंबरी वाचायला द्यावी. डॅना परत येते ती एक हात गमावून.

या पुस्तकांना मी जिव्हाळ्याची म्हणतो, तेव्हा जिव्हाळा आणि भावविवशता यांत मी फरक करतो. भावविवश कादंबरी आपल्याला रडवते आणि मोकळे करते. पुस्तक मिटले की प्रश्नही मिटतो. जिव्हाळ्याची कादंबरी माणसाविषयी माया वाटायला लावते आणि त्या मायेपोटीच विचारते, हे गुपित कोणी निर्माण केले, कोणी जपले आणि त्याचा लाभ कोणाला झाला? मालकाने लादलेले गुपित, जगण्यासाठी स्वतः पत्करलेले गुपित आणि घरातल्या बलवानाने दुबळ्यावर लादलेले गुपित, ही तीन निरनिराळी आहेत. पहिल्याविरुद्ध लढा हवा, दुसऱ्याबाबत समजूत हवी आणि तिसऱ्याबाबत स्वतःच्या घराची झडती हवी. वरील कादंबऱ्या हा विवेक शिकवितात, म्हणून त्या कार्यकर्त्याच्या कामाच्या आहेत.

भाषेची अडचण मी जाणतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला ही इंग्रजी जड जाते. त्यावर एकट्याने कुढण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून वाचावे. इंग्रजी बरी असलेल्याने प्रकरण वाचून आपल्या बोलीत सांगावे आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. आरंभ बाल्डविनपासून करावा, कारण पुस्तक आटोपशीर आहे. मग वॉकर, बटलर, लार्सन व बेनेट, आणि मॉरिसन सर्वांत शेवटी. प्राध्यापक मित्रांनी यावर केवळ परीक्षेपुरते टिपण न देता विद्यार्थ्याला एक काम द्यावे. आजीजवळ बसावे आणि तिच्या आईचे नाव, तिच्या माहेरचे गाव, तिने केलेली कामे विचारून वहीत लिहून काढावी.

आपल्यापैकी कितीजणांना पणजीचे नाव सांगता येईल? ते कोणत्याही सातबाऱ्यावर सापडणार नाही. आज जिच्या ओठांवर ते आहे, ती म्हातारी गेली की तेही जाईल. आपली कौटुंबिक कादंबरी अजून लिहावयाची आहे. तिचा पहिला कागद त्या वहीचा असेल.