विटेचे उपयोग आणि गुणांचं गणित

‘विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा.’ सर्जनशीलता मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी वापरलेल्या या प्रसिद्ध प्रश्नाला एकच एक बरोबर उत्तर नाही. मग गुण द्यायचे कसे? गंमत इथेच आहे!

घर, भिंत, कंपाउंड, चौथरा : उत्तरं चार, पण प्रकार एकच, बांधकाम. म्हणजे ओघाला (एकूण उत्तरं) चार गुण, लवचीकतेला (वेगवेगळे प्रकार) एक. याउलट दार अडवायला, गल्ली क्रिकेटचा स्टंप म्हणून, कुटून रांगोळीत घालायला : उत्तरं तीन, प्रकारही तीन.

नावीन्य मात्र गटावर ठरतं. तेच उत्तर इतर किती जणांनी दिलं, हे मोजायचं. जितकं दुर्मीळ तितके गुण जास्त. आपल्याकडे स्टंप शेकड्यांनी येतील, अमेरिकेत क्वचितच. म्हणून तिकडचे गुणांचे तक्ते इकडे जसेच्या तसे लावणं मला तरी पटत नाही.

आणखी एक मेख. जो जास्त लिहितो, त्याची दुर्मीळ उत्तरंही आपोआप वाढतात. त्यावर उपाय म्हणून काही संशोधक नावीन्याच्या गुणांना एकूण उत्तरांनी भागतात, तर काही प्रत्येकाची सर्वोत्तम दोनच उत्तरं तपासतात. मला दुसरा मार्ग आवडतो, पण त्यात परीक्षक किमान दोन हवेत आणि त्यांचं एकमेकांशी कितपत जुळतं, तेही तपासायला हवं.

जास्त लिहिण्याचा हा परिणाम लवचीकतेवरही होतो. मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या सर्जनशीलतेच्या चित्रचाचणीत 1984 पासून लवचीकता वगळली, कारण ती ओघाबरोबरच वरखाली होत होती. त्याऐवजी चित्राला दिलेलं शीर्षक किती अमूर्त आहे आणि अर्धवट आकृती घाईने बंद करण्याचा मोह मुलाने टाळला का, हे पाहू लागले.