अट एकदाच लिहा

भंडारा जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलावांची नोंदवही जँगोत करायची आहे असं समजा. पायथनमधलं हे फ्रेमवर्क २००५ पासून सर्वांना खुलं आहे. डेटाबेसमधून माहिती काढायला त्यात 'क्वेरीसेट' नावाचा तयार क्लास असतो. 'फिल्टर' लावून साकोलीचे तलाव वेगळे काढणं एका ओळीचं काम. पण 'गाळ साचलेला किंवा पाळ फुटलेली' ही अट नकाशा, अहवाल, शोध अशी दहा ठिकाणी लिहिली, की निकष बदलला रे बदलला, बसा दहाही जागा शोधत.

त्यापेक्षा क्वेरीसेटचा उपक्लास करून त्यात 'दुरुस्तीयोग्य' हे स्वतःचं फंक्शन एकदाच लिहावं. (पायथन ३ मध्ये नाव देवनागरीतही चालतं!) मग फिल्टर(तालुका='साकोली').दुरुस्तीयोग्य() अशी साखळी जुळते, आणि निकालाची खरोखर गरज पडेपर्यंत डेटाबेसकडे विचारणाच जात नाही. २०१४ मध्ये आलेल्या जँगो १.७ पासून 'ॲज_मॅनेजर'ने हा क्लास मॉडेलला, म्हणजे तलावांच्या नोंदींचा आराखडा ठरवणाऱ्या क्लासला, थेट जोडता येतो. फंक्शनने क्वेरीसेटच परत द्यावा, नाहीतर साखळी तिथेच तुटते. फ्रेमवर्कच्या मूळ फायलींना मात्र हात लावू नका; पुढच्या अपडेटमध्ये तुमचे बदल पुसले जातील.